धाराशिव जिल्ह्यातील तोफविद्येचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यातील तोफविद्येचा इतिहास हा मुख्यतः परांडा आणि नळदुर्ग या दोन किल्ल्यांशी निगडित आहे. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यात असलेले हे दोन्ही भुईकोट दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या सरहद्दीवर होते आणि त्यामुळे सोळाव्या व सतराव्या शतकांत तोफा, दारूगोळा व तटबंदी यांतील नव्या कल्पनांची येथे वारंवार कसोटी लागली. विजापूर येथील सुप्रसिद्ध मलिक-ए-मैदान (मराठीत मुलूखमैदान) ही तोफ इ.स. १६३२ पर्यंत परांडा किल्ल्यात होती.

युद्धसामग्रीच्या शास्त्राचा इतिहास पाहताना एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो : शस्त्र बनवण्याचे ज्ञान कोणाच्या मालकीचे होते आणि ते कसे राखले जात असे? सोळाव्या शतकात हे ज्ञान कारागिराच्या हातात व स्मरणात असे. पुढे युरोपात ते पेटंटच्या रूपाने कागदावर उतरले आणि विसाव्या शतकात त्याचा मोठा भाग सरकारी गुप्ततेत गेला. या तिन्ही अवस्था समजून घेण्यासाठी परांडा व नळदुर्ग येथील तोफा हा उपयुक्त आरंभबिंदू आहे.

पार्श्वभूमी

दख्खनमध्ये युद्धासाठी बंदुकीच्या दारूचा वापर बहमनी काळात रूढ झाला. बहमनी सल्तनतीचा वजीर महमूद गवान याने इ.स. १४७२ मध्ये बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तटाखाली सुरुंग लावून तट उडवण्यात आला. बहमनी सल्तनतीचे विघटन झाल्यावर अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बीदरची बरीदशाही व वऱ्हाडची इमादशाही अशी पाच राज्ये उदयास आली. आजचा धाराशिव जिल्हा निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सीमेवर येत असल्यामुळे परांडा, नळदुर्ग, औसा व सोलापूर हे किल्ले या दोन सत्तांमधील संघर्षाचे कायमचे कारण बनले.

याच काळात अरबी समुद्रमार्गे आणि पश्चिम आशियातून तोफा ओतणारे व चालवणारे तज्ज्ञ दख्खनमध्ये आले. ऑस्मानी तुर्कांच्या प्रदेशातून आलेल्यांना ‘रूमी’ म्हटले जाई. पूर्व रोमन साम्राज्याच्या जुन्या भूमीला असलेल्या ‘रूम’ या नावावरून हा शब्द आला. तोफखान्याच्या अधिकाऱ्याला ‘रूमी खान’ हा किताब देण्याची प्रथा हिंदुस्थानातील अनेक दरबारांत होती. त्यामुळे वेगवेगळ्या काळांत आणि राज्यांत या नावाच्या एकाहून अधिक व्यक्ती आढळतात.

परांडा किल्ला

परांडा हा भुईकोट किल्ला असून त्याची उभारणी परंपरेने महमूद गवान याच्याकडे दिली जाते. किल्ल्याला दुहेरी तटबंदी, खंदक आणि २६ बुरूज आहेत. नैसर्गिक उंचीचा आधार नसल्यामुळे किल्ल्याचे संरक्षण खंदक, तटाची जाडी आणि बुरुजांवरील तोफा यांवर अवलंबून होते. इ.स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला, त्यानंतर मलिक अंबरने मुर्तजा निजामशाह दुसरा याला गादीवर बसवले आणि काही काळ परांडा हेच निजामशाहीचे राजधानीचे ठिकाण झाले.

निजामशाहीच्या अखेरच्या वर्षांत हा किल्ला आदिलशाहीकडे गेला. मोगलांनी इ.स. १६३० मध्ये आणि पुन्हा इ.स. १६३४ मध्ये त्याला वेढा घातला. दुसऱ्या वेढ्यात शाहजहानचा मुलगा शाह शुजा आणि सेनापती महाबतखान असूनही मोगल सैन्याला वेढा उठवून परतावे लागले. पुढे इ.स. १६६० मध्ये आदिलशाही किल्लेदाराने किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. बळाने न पडलेला किल्ला अशा रीतीने फितुरीने हातचा गेला. अठराव्या शतकात परांडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात आला. किल्ल्यात आजही अनेक तोफा व दगडी तोफगोळे पाहावयास मिळतात.

मलिक-ए-मैदान तोफ

रचना

मलिक-ए-मैदान (अर्थ : रणांगणाचा स्वामी) ही तोफ हिजरी ९५६ म्हणजे इ.स. १५४९ मध्ये अहमदनगर येथे बुऱ्हाण निजामशाह पहिला याच्या कारकिर्दीत ओतली गेली. तोफेची लांबी सुमारे ४.४ मीटर, मुखाजवळचा बाहेरचा व्यास सुमारे १.५ मीटर आणि नळीचा आतील व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आहे. वजन साधारणपणे ५५ टन सांगितले जाते. तोफेच्या मुखाला जबडा उघडलेल्या हिंस्र पशूचा आकार दिलेला असून त्याच्या दातांमध्ये हत्ती चिरडला जात असल्याचे दाखवले आहे.

ही तोफ ओतीव कांशाची, म्हणजे तांबे व कथील यांच्या मिश्रधातूची आहे. तिच्या धातूत सुमारे ८० टक्के तांबे व २० टक्के कथील असल्याचे नमूद केले जाते. युरोपात तोफांसाठी वापरल्या जाणाऱ्या कांशात कथिलाचे प्रमाण साधारणपणे १० टक्के असे. कथील वाढले की धातू अधिक कठीण होतो, वितळल्यावर साच्यात सहज पसरतो व त्यावर नक्षी स्पष्ट उमटते. मात्र तो अधिक ठिसूळही होतो. घंटा ओतण्यासाठी याच प्रमाणाच्या जवळपासचे कांसे वापरतात. त्यामुळे या तोफेवर आघात केल्यास घंटेसारखा नाद येतो. ठिसूळपणाची भरपाई कारागिराने नळीची भिंत अतिशय जाड ठेवून केली आहे.

नळीच्या व्यासावरून गोळ्याच्या वजनाचा अंदाज करता येतो. ७० सेंटिमीटर व्यासाचा काळ्या पाषाणाचा गोळा सुमारे ५०० किलोग्रॅम भरेल, तर त्याच आकाराचा लोखंडी गोळा १,३०० किलोग्रॅमच्या आसपास जाईल. एवढ्या मोठ्या व्यासाच्या तोफांत दगडी गोळे वापरण्याचे कारण यातून स्पष्ट होते. हलक्या गोळ्याला कमी दारू पुरते आणि नळीवर येणारा दाबही मर्यादित राहतो.

तुलनेसाठी ऑस्मानी साम्राज्यात इ.स. १४६४ मध्ये मुनीर अली याने ओतलेली दार्दानेल्सची तोफ पाहता येते. तिच्या नळीचा व्यास सुमारे ६३ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १७ टन आहे. ती दोन भागांत ओतून आट्यांनी जोडण्याची सोय केली होती. मलिक-ए-मैदान मात्र एकसंध आहे. एकाच भट्टीत मावणार नाही इतका धातू एकाच वेळी वितळवून साच्यात अखंड ओतणे, मध्येच धातू गार होऊ न देणे आणि नळीचा गाभा सरळ रेषेत राखणे ही या कामातील खरी अडचण होती.

कोरीव लेख

तोफेवर तीन लेख आहेत. एका लेखात निजामशाहाचे नाव व हिजरी वर्ष आहे. दुसऱ्या लेखात ही महंमद बिन हुसेन रूमी याची कृती असल्याचे नमूद आहे. तिसरा लेख औरंगजेबाच्या काळातील असून तो हिजरी १०९७ (इ.स. १६८५-८६) मध्ये विजापूर व ही तोफ जिंकल्याचे सांगतो.

या लेखांतून आश्रयदाता, कारागीर, काळ आणि नंतरचा मालक कळतो. धातूचे प्रमाण, साच्याची माती, भट्ट्यांची संख्या किंवा गाभा बसवण्याची रीत यांविषयी मात्र त्यांत काहीही नाही. औरंगजेबाच्या काळातील काही तोफांवर गोळ्याचे व दारूचे वजन कोरलेले आढळते. ती माहितीदेखील तोफ चालवणाऱ्या गोलंदाजासाठी आहे, तोफ बनवणाऱ्यासाठी नाही.

स्थलांतर

तालिकोटच्या लढाईत (२३ जानेवारी १५६५) निजामशाही तोफखान्याचे नेतृत्व रूमी खान या अधिकाऱ्याकडे होते. इतिहासकार फरिश्ता याच्या वर्णनानुसार ६०० तोफा तीन रांगांत मांडल्या होत्या : पुढे जड तोफा, त्यामागे मध्यम आणि शेवटी हलक्या. शत्रू जवळ आल्यावर तोफांमध्ये तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून मारा करण्यात आला, असेही तो सांगतो. मलिक-ए-मैदान या लढाईत वापरली गेली अशी परंपरागत समजूत आहे.

नंतर ही तोफ परांडा किल्ल्यात आणण्यात आली. परांडा आदिलशाहीच्या ताब्यात आल्यावर इ.स. १६३२ मध्ये मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. भीमेच्या काठी तुळापूर येथे नावेच्या साहाय्याने हत्तीचे वजन करून तुलादान केल्याची कथा ज्याच्याविषयी सांगितली जाते, तोच हा आदिलशाही सरदार होय. तोफ ओढण्यासाठी शेकडो बैल, हत्ती आणि माणसे लागल्याचे परंपरा सांगते. तिच्याबरोबर निघालेली ‘कडक बिजली’ नावाची दुसरी तोफ वाटेत नदीत बुडाली, अशी आख्यायिका आहे.

विजापूर येथे ही तोफ शेर्झा बुरुजावर ठेवलेली आहे. ब्रिटिश राजवटीत इ.स. १८५४ मध्ये तिचा भंगार म्हणून लिलाव झाला व १५० रुपयांची बोली लागली, परंतु नंतर हा व्यवहार रद्द करण्यात आला, असे सांगितले जाते. मराठीत प्रभावी व आक्रमक वक्त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणण्याची प्रथा या तोफेवरूनच पडली.

नळदुर्ग किल्ला व उपळी बुरूज

तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग हा किल्ला बोरी नदीच्या वळणावर आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात इ.स. १६१३ मध्ये नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारण्यात आला. धरणामुळे पाणी किल्ल्याच्या बाजूने अडून राहते. त्यामुळे जलव्यवस्था हाच संरक्षणाचा एक भाग बनला. पलीकडच्या काठावरील रणमंडळ हा भाग धरणाच्या बांधाने मुख्य किल्ल्याशी जोडलेला आहे.

किल्ल्यातील सर्वांत उंच वास्तू म्हणजे उपळी बुरूज (उपळ्या बुरूज). हा बुरूज तटाच्या रेषेत नसून किल्ल्याच्या आतील भागात स्वतंत्र उभा आहे. अशा उंच बुरुजावरील तोफ तटावरून पलीकडे मारा करू शकते आणि शत्रूच्या मोर्चांवर दुरूनच नजर ठेवता येते. उपळी बुरुजावर दोन लांब तोफा असून त्या हत्ती तोफ आणि मगर तोफ या नावांनी ओळखल्या जातात.

रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर या अभ्यासकांनी दख्खनच्या किल्ल्यांचा अभ्यास करून असे दाखवले आहे की, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे तोफ बसवण्याच्या पद्धतीत मोठा बदल झाला. नळीच्या दोन्ही बाजूंना आडवे दांडे काढून तोफ एका दुबेळक्यावर टेकवली जाई आणि ते दुबेळके बुरुजाच्या मध्यभागी रोवलेल्या खुंट्यावर फिरत असे. त्यामुळे थोड्या माणसांच्या बळावर जड तोफ वर-खाली आणि चहूबाजूंना वळवता येऊ लागली. हा बदल तोफेच्या धातूतील नव्हता. तो तोफ आणि बुरूज यांचा एकत्र विचार करून केलेला होता. अशा बैठकीसाठी बुरुजाचा माथा मोकळा, गोलाकार व उंच असणे आवश्यक होते, आणि बुरुजांची रचना त्यानुसार बदलत गेली.

घडीव लोखंडी तोफा

दख्खनमधील तोफांचे बनावटीनुसार दोन मुख्य प्रकार पडतात : ओतीव कांशाच्या तोफा आणि घडीव लोखंडी तोफा. घडीव तोफ तयार करताना लोखंडाच्या लांब पट्ट्या एका गाभ्याभोवती उभ्या लावून नळी बनवत. तिच्यावर तापवून लाल केलेली लोखंडी कडी एकामागून एक चढवली जात. कडे गार होताना आकसते आणि आतील पट्ट्यांना घट्ट आवळून धरते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार हेच तत्त्व वापरतो.

या पद्धतीसाठी कथिलासारखा दुर्मीळ धातू लागत नसे. लोखंड आणि कुशल लोहार दख्खनमध्ये उपलब्ध होते. त्यामुळे कांशाच्या तुलनेत घडीव तोफ स्वस्त पडत असे. मात्र सांधे सैल झाल्यास किंवा लोखंड गंजल्यास नळी फुटण्याचा धोका असे. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या मोठ्या तोफा बनवण्यासाठी लागणाऱ्या झोतभट्ट्या त्या काळी हिंदुस्थानात नव्हत्या. पुढे युरोपीय व्यापारी कंपन्यांमार्फत बिडाच्या तोफा येथे आल्या.

दारू आणि गोळे

बंदुकीची दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणातून तयार होते. पुढे प्रमाणित झालेले मिश्रण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असे आहे. सोरा ज्वलनासाठी प्राणवायू पुरवतो, कोळसा इंधनाचे काम करतो आणि गंधक मिश्रण लवकर पेट घेण्यास मदत करतो. सोरा हा जुन्या वस्त्यांच्या व गोठ्यांच्या आसपासच्या क्षारयुक्त मातीतून मिळे. अशी माती पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून व आटवून त्याचे स्फटिक काढले जात. गंधक बहुधा बाहेरून आणावा लागे.

तोफ डागण्यापूर्वी नळीत मोजून दारू भरणे, ती ठासणे, त्यावर गोळा बसवणे, बुडाजवळच्या छिद्रात रंजक म्हणजे बारीक दारू घालणे आणि शेवटी बत्ती देणे हा क्रम असे. दारू कमी पडल्यास गोळा अर्ध्या वाटेत पडे आणि जास्त झाल्यास नळी फुटून गोलंदाजच मरत. दर तोफेची योग्य मात्रा अनुभवाने ठरलेली असल्यामुळे ओळखीच्या गोलंदाजाला विशेष किंमत होती. पावसाळ्यात दारू दमट होई. म्हणून कोरडे व तटापासून सुरक्षित दारूकोठार हा प्रत्येक मोठ्या किल्ल्याचा आवश्यक भाग असे.

कारागीर आणि ज्ञानाची मालकी

महंमद बिन हुसेन रूमी याच्यासारख्या कारागिराचे ज्ञान कोणत्याही ग्रंथात किंवा सनदेत नोंदलेले नव्हते. राजाने त्याला पगार, जहागीर व किताब देऊन आपल्याकडे ठेवणे आणि कारागिराने आपली विद्या मुलाला किंवा शिष्याला देणे एवढीच व्यवस्था होती. असा माणूस दुसऱ्या दरबारात गेला तर विद्याही त्याच्याबरोबर जाई. ऑर्बान हा तोफा ओतणारा कारागीर प्रथम बायझंटाइन सम्राटाकडे गेला होता. तेथे पुरेसे वेतन न मिळाल्याने तो ऑस्मानी सुलतानाकडे गेला आणि इ.स. १४५३ मध्ये त्याच्याच तोफेने कॉन्स्टँटिनोपलचा तट फोडला.

कारागीर मिळाला नाही तर तोफ मिळवणे हा दुसरा मार्ग होता. मुरार जगदेवाने एवढ्या श्रमाने मलिक-ए-मैदान परांड्याहून विजापूरला नेली यामागे विजयाचे प्रदर्शन हे कारण होतेच. परंतु तशीच दुसरी तोफ ओतणे सोपे नव्हते, हेही त्यातून दिसते. ओतकामाची रीत लेखी नसल्यामुळे आजच्या अभ्यासकांना ती धातूचे पृथक्करण, साच्याच्या खुणा आणि नळीची मापे यांवरूनच ठरवावी लागते.

मराठ्यांनाही हीच अडचण जाणवली. पेशव्यांनी इ.स. १७६५-६६ च्या सुमारास जुन्नर भागातील आंबेगव्हाण येथे तोफा व गोळे तयार करण्याचा कारखाना काढला. निजामाच्या सेवेतील फ्रेंच अधिकारी मिशेल रेमाँ याने इ.स. १७८६ मध्ये हैदराबाद येथे तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. तो भाग आजही गनफाउंड्री या नावाने ओळखला जातो. मार्च १७९५ मध्ये परांड्याजवळच्या खर्डा येथील लढाईत रेमाँच्या कवायती पलटणी निजामाच्या बाजूने, तर पेराँच्या पलटणी मराठ्यांच्या बाजूने लढल्या. परकीय तज्ज्ञावर अवलंबून राहण्याची पद्धत सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत फारशी बदलली नव्हती.

पेटंटपद्धतीचा उदय

पेटंट म्हणजे शोधकर्त्याला ठराविक मुदतीसाठी दिलेला अनन्य हक्क होय. त्याच्या बदल्यात शोधकर्त्याने आपल्या शोधाचे तपशीलवार वर्णन सादर करावे लागते. मुदत संपल्यावर ते ज्ञान सर्वांसाठी खुले होते. व्हेनिस प्रजासत्ताकाने इ.स. १४७४ मध्ये याविषयी कायदा केला आणि इंग्लंडमध्ये इ.स. १६२४ च्या मक्तेदारीविषयक कायद्याने या हक्काला निश्चित रूप दिले.

युद्धसामग्री आणि लेखी ज्ञान यांचा संबंध आरंभापासून जवळचा आहे. मलिक-ए-मैदान ओतली गेल्यानंतर १२ वर्षांनी, इ.स. १५६१ मध्ये, इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या सरकारने गेरार्ड होनरिक या जर्मन कप्तानाशी करार केला. सोरा तयार करण्याची रीत लिहून देण्याबद्दल त्याला ३०० पौंड द्यावयाचे ठरले. अहमदनगरमध्ये ज्ञान माणसासह नोकरीत घेतले जात होते, तर लंडनमध्ये ते माणसापासून वेगळे करून कागदावर विकत घेण्याचा प्रयत्न सुरू झाला होता.

पुढील काही उदाहरणे युद्धसामग्रीच्या पेटंटचे स्वरूप दाखवतात :

इ.स. १७१८ मध्ये जेम्स पकल याला फिरत्या कोठ्यांच्या बंदुकीचे पेटंट मिळाले. ती फारशी वापरात आली नाही.

हेन्री श्रापनेल याने इ.स. १७८४ च्या सुमारास आत छर्रे भरलेला व हवेत फुटणारा गोळा तयार केला. त्याला मोबदला म्हणून सरकारकडून निवृत्तिवेतन मिळाले.

म्हैसूरच्या लोखंडी नळीच्या अग्निबाणांचे नमुने इ.स. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर इंग्लंडला गेले. त्यांच्या प्रेरणेने विल्यम काँग्रीव्ह याने वुलिच येथे स्वतःचे अग्निबाण विकसित केले. म्हैसूरच्या मूळ कारागिरांची नावे मात्र या इतिहासात उरली नाहीत.

विल्यम आर्मस्ट्राँग याने घडीव लोखंडाची कडी चढवून मागून भरण्याची तोफ बनवली आणि इ.स. १८५९ मध्ये आपली पेटंटे ब्रिटिश सरकारला दिली. तापवलेली कडी आवळून नळी मजबूत करण्याचे तत्त्व दख्खनच्या घडीव तोफांतही होते. आर्मस्ट्राँगच्या तोफेत त्याला अचूक मापन, नळीतील सर्पिल खाचा व लेखी आराखडे यांची जोड मिळाली.

शस्त्राचे वर्णन प्रसिद्ध करणे म्हणजे शत्रूलाही ते कळवणे, ही पेटंटपद्धतीतील अडचण सरकारांच्या लवकरच लक्षात आली. इ.स. १८५९ मध्येच ब्रिटिश पार्लमेंटने युद्धसामग्रीच्या शोधांचे वर्णन गुप्त ठेवण्याची तरतूद करणारा कायदा केला.

पेटंटच्या शब्दरचनेला किती महत्त्व असते हे आल्फ्रेड नोबेलच्या खटल्यावरून दिसते. नोबेलने इ.स. १८८७ मध्ये बॅलिस्टाइट ही धूररहित दारू शोधली. त्यानंतर फ्रेडरिक एबेल व जेम्स ड्यूअर यांनी ब्रिटिश सरकारसाठी कॉर्डाइट तयार केले. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन व ५ टक्के व्हॅसलीन होते. हे आपल्या पेटंटचे उल्लंघन आहे असा दावा नोबेलच्या कंपनीने केला. नोबेलच्या पेटंटमध्ये विद्राव्य प्रकारच्या नायट्रोसेल्युलोजचा उल्लेख होता, तर कॉर्डाइटमध्ये अविद्राव्य प्रकार वापरला होता. याच भेदावर इ.स. १८९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दावा फेटाळला. पुढे तमिळनाडूतील निलगिरी भागात अरुवनकाडू येथे कॉर्डाइटचा कारखाना सुरू झाला.

भारतातील पेटंट कायदा आणि गुप्तता

भारतात पहिला पेटंट कायदा इ.स. १८५६ मध्ये झाला. राणीची पूर्वसंमती न घेतल्याच्या तांत्रिक कारणाने तो पुढील वर्षी रद्द करण्यात आला आणि इ.स. १८५९ मध्ये नवा कायदा करण्यात आला. इ.स. १८५६ च्या कायद्याखाली पहिला अर्ज कोलकाता येथील जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग याने पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला होता. त्यानंतर १८८८ व १९११ चे कायदे आले. ब्रिटिश भारताचा १९११ चा कायदा संस्थानांना लागू नसल्यामुळे हैदराबाद संस्थानात असलेला उस्मानाबाद जिल्हा त्याच्या कक्षेबाहेर होता.

सध्या लागू असलेला पेटंट अधिनियम १९७० हा २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. त्यातील संरक्षणविषयक मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

कलम ३५ : एखादा शोध संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटल्यास नियंत्रक त्याची माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई करू शकतो. अशा आदेशाचा ठराविक कालावधीने फेरविचार होतो.

कलम ३९ : भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परवानगीशिवाय थेट परदेशात पेटंटसाठी अर्ज करता येत नाही. भारतात अर्ज करून सहा आठवडे झाले असतील व गुप्ततेचा आदेश नसेल, तर असा अर्ज करता येतो.

कलम ४ : अणुऊर्जेशी संबंधित काही शोधांना पेटंट दिले जात नाही.

या तरतुदींमुळे पेटंटमागील मूळ देवाणघेवाण बदलते. सामान्य शोधात समाजाला ज्ञान मिळते व शोधकर्त्याला हक्क मिळतो. युद्धसामग्रीच्या शोधात मात्र ज्ञान राज्यापाशीच राहते. या एका बाबतीत आजची व्यवस्था सोळाव्या शतकातील दरबारी व्यवस्थेच्या जवळ जाते. फरक एवढाच की, आता ते ज्ञान एका माणसाच्या स्मरणात नसून जतन केलेल्या आराखड्यांत असते आणि कारागिराच्या मृत्यूबरोबर नष्ट होत नाही.

हैदराबाद मुक्तिसंग्राम

नळदुर्गचे लष्करी महत्त्व विसाव्या शतकातही पूर्णपणे संपले नव्हते. सोलापूर–हैदराबाद मार्गावर असल्यामुळे १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेल्या पोलीस कारवाईतील पहिल्या चकमकींपैकी एक येथे झाली. बोरी नदीवरील पूल उडवला जाण्यापूर्वीच भारतीय सैन्याच्या ७ व्या ब्रिगेडने तो सुस्थितीत ताब्यात घेतला आणि रणगाड्यांचा मार्ग मोकळा झाला.

हैदराबाद संस्थानाला त्या वेळी आधुनिक शस्त्रांची तीव्र टंचाई होती. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने विमानांतून चोरट्या मार्गाने शस्त्रे आणली, परंतु ती पुरेशी ठरली नाहीत. ज्या प्रदेशात चार शतकांपूर्वी जगातील मोठ्या तोफांपैकी एक तैनात होती, त्या प्रदेशातील सत्तेला स्वतःचा शस्त्रोद्योग नसल्यामुळे बाहेरच्या पुरवठ्यावर विसंबावे लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या फौजांनी शरणागती पत्करली. हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्रातील आधुनिक संस्था

महाराष्ट्रातील आधुनिक दारूगोळा उद्योगाचे जुने केंद्र पुण्याजवळचे खडकी हे आहे. तेथील दारूगोळा कारखाना इ.स. १८६९ मध्ये सुरू झाला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील आयुध निर्माणींची सात सरकारी कंपन्यांत पुनर्रचना झाली. त्यांपैकी दारूगोळा बनवणाऱ्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यात आहे. पुण्यातील पाषाण येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था आणि उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा या संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या संस्था आहेत.

पाषाण येथील संस्थेने खाजगी उद्योगांच्या सहभागाने १५५ मिलिमीटर व्यासाची आधुनिक ओढतोफ विकसित केली. चाचण्यांत तिचा पल्ला ४५ किलोमीटरच्या पुढे गेला आहे. अशा ३०७ तोफांच्या खरेदीचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. मलिक-ए-मैदानच्या नळीचा व्यास या तोफेच्या साडेचार पट आहे. तोफेची शक्ती नळीच्या आकारावर नसून धातूची ताकद, दारूचे नियंत्रित ज्वलन आणि गोळ्याचा आकार यांवर अवलंबून असते, हे या तुलनेतून लक्षात येते.

जतन

परांडा व नळदुर्ग येथील तोफा या शस्त्रे म्हणून निरुपयोगी झाल्या असल्या, तरी तंत्रज्ञानाच्या इतिहासाची ती मूळ साधने आहेत. शंभर वर्षांहून जुन्या असल्यामुळे अशा तोफा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ नुसार पुरावस्तू ठरतात आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. लोखंडी तोफांना पावसाचे पाणी साचून येणारा गंज आणि कांशाच्या तोफांना धातूच्या किमतीमुळे होणारी चोरी हे मुख्य धोके आहेत. तोफेवर रंग फासणे, नावे कोरणे किंवा ती मूळ बुरुजावरून हलवणे यांमुळेही पुरावा नष्ट होतो, कारण तोफ कोणत्या दिशेला व कशा बैठकीवर होती हीसुद्धा माहितीच असते. या तोफांच्या बनावटीचे कोणतेही लेखी वर्णन उपलब्ध नसल्यामुळे प्रत्यक्ष तोफ हाच तिच्या निर्मितीचा एकमेव दस्तऐवज आहे.

हेही पाहा

परांडा किल्ला
नळदुर्ग
निजामशाही
आदिलशाही
तालिकोटची लढाई
खर्ड्याची लढाई
मराठवाडा मुक्तिसंग्राम
पेटंट